५५८ ते ७९२ : आत्या, ट्रान्झिस्टर आणि सात दिवस

आत्या माहेरची पुण्याची, सासरची दादरची. १९५५ पासून ती रेडिओची वही लिहिते. तारीख, वेळ, केंद्र, कोण गायलं, काय गायलं, कोण बोललं आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा बहुतेक वेळा एक-दोन शब्दांचा. 'बरं.' 'लांबलं.' 'घसा बसलेला.' २०१२ च्या दिवाळीनंतर तिनं घरात जाहीर केलं की तिला एकदा कोकण, गोवा, धारवाड असं फिरायचंय आणि ज्या गावात असू तिथलंच केंद्र लावायचंय. ती तेव्हा ७१ वर्षांची होती. गाडी चालवायला मी.

सामानात तिचा चामडी कव्हरातला फिलिप्सचा ट्रान्झिस्टर, आठ जादा सेल, वही, दोन पेन्सिली. मोबाईलवर गाणी लावायची नाहीत ही तिची अट. दुपारी जेवणानंतर अर्धा तास झोप ही माझी. तिची पाळली गेली.

खालचा मजकूर तिच्या वहीवरून आणि माझ्या आठवणीवरून लिहिलाय. दोघांत जिथं फरक पडला तिथं वही खरी धरली आहे, कारण आत्या हे वाचणार आहे.

रविवार, २५ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं. निघालो सव्वासहाला, कारण आकाशवाणीची संकेतधून ऐकल्याशिवाय आत्या उंबरा ओलांडेना. सहाच्या जरा आधी लागणारी ती तानपुऱ्यावरची धून, मग वंदे मातरम्, मग सनई. आमच्या अर्ध्या पिढीचं दूध या धुनेवर तापलं असेल. ती शिवरंजनीत आहे आणि बांधली वॉल्टर काउफमान यांनी. युरोपात नाझींचा अंमल सुरू झाल्यावर हा ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईला आला आणि १९३७ पासून मुंबई केंद्राच्या संगीत विभागात काम करू लागला. घर सोडून आलेल्या माणसानं दुसऱ्याच्या देशाला रोजची सकाळ करून दिली, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आत्याला माहीत होतं. "तुला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही," म्हणाली.

पनवेल गेल्यावर अडचण कळली. मीडियम वेव्हचा रेडिओ चालत्या गाडीत ऐकता येत नाही. इंजिनातल्या ठिणग्यांची टरटर थेट स्पीकरातून येते, आणि गाडीच्या पत्र्याआड आवाज पोचतही नाही. म्हणजे ऐकायचं असेल तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि रेडिओ बॉनेटवर ठेवायचा. त्यातही तो फिरवून बघावा लागतो. पेटीच्या आत फेराइटची काळी कांडी असते. ती केंद्राच्या दिशेला आडवी असली तर आवाज भरतो, तिचं टोक केंद्राकडे गेलं की आवाज बसतो. आत्यानं यातलं काही न म्हणता रेडिओ पाव फेरा वळवला. साठ वर्षं ती तेच करत आलीय.

तर आमचा प्रवास किलोमीटरवर न चालता वेळापत्रकावर चालला. साडेआठच्या मराठी बातम्या वडखळ नाक्यावर, वड्याबरोबर. पुढचा थांबा माणगावच्या अलीकडे एका आंब्याखाली, नाट्यगीतांसाठी. शेजारी एक ट्रकवाला थांबला, त्याला वाटलं गाडी बिघडली. आत्यानं त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि तोही अख्खं पद संपेपर्यंत उभा राहिला. वहीतला शेरा: 'पेटी स्वरात. श्रोते ३.'

मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, महाडपर्यंत धड ऐकू आली. पोलादपूरला तिला पडसं झालं. कशेडी घाटात ती बुडाली आणि पलीकडे उतरल्यावर ११४३ वर रत्नागिरी हळूहळू वर आली. सह्याद्री आणि त्याचे फाटे रेडिओच्या बाबतीत अजून जिल्ह्यांच्या हद्दी राखून आहेत.

सोमवार, २६ नोव्हेंबर

मुक्काम भाट्याला, ओळखीच्या एका बागायतदारांकडे. सकाळी पाच मिनिटं कमी सातला दिल्लीहून संस्कृत बातम्या. "इयम् आकाशवाणी। सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्।" १९७४ पासून या बातम्या चालू आहेत, आणि कोकणातल्या निम्म्या शाळकरी पोरांना एवढं एकच संस्कृत वाक्य न चुकता म्हणता येतं. आमच्या यजमानांच्या नातवानं ते नाकात म्हणून दाखवलं आणि आजीचा धपाटा खाल्ला.

दिवस तसा रिकामा. पतितपावन मंदिर, टिळकांचं घर, मासे.

पण संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल एका तज्ज्ञांचं बोलणं लागलं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी सांगत. थंडी कधी पडते, पालवी थांबून मोहोर कधी फुटतो, तुडतुडे मोहोराचा रस शोषतात तेव्हा पानांवर चिकटा कसा येतो आणि त्यावर काळी बुरशी कशी धरते, फवारणी पहाटे का करावी. माणूस वाचत नव्हता, बोलत होता. मधे एकदा म्हणाला, "आता तुम्ही म्हणाल, शेजारी फवारत नाही त्याचं काय?" आणि यजमान खुर्चीतून जोरात म्हणाले, "तेच तर!" शेजारी म्हणजे त्यांचे सख्खे चुलतभाऊ. मग तासभर तुडतुडे बाजूला राहिले आणि १९८० सालच्या बांधाची हकीगत ऐकावी लागली.

आत्याच्या वहीत आठवड्यातलं सर्वोत्तम भाषण म्हणून याच कार्यक्रमाखाली दोन रेघा आहेत. थोरामोठ्यांची स्मृतिव्याख्यानं तिनं वर्षानुवर्षं ऐकलीत. सरदार पटेल व्याख्यानमाला तर १९५५ ची, आणि पहिलं व्याख्यान राजाजींचं. पण तिचं मत असं की रेडिओवर ज्याला समोरचा माणूस दिसतो तोच खरा बोलतो, बाकीचे कागदाशी बोलतात. मला पटतं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

राजापूर, कणकवली, सावंतवाडी. लाकडी खेळण्यांच्या दुकानात आत्यानं लाकडी पेरू घेतला. का, ते तिलाच ठाऊक. संध्याकाळी आंबोली चढलो. लॉजवर पोचतो न पोचतो तोच वीज गेली, आणि मी वैतागलो तेव्हा आत्या खूश होती. वीज गेली की ट्यूबलाइटची, पंख्याच्या रेग्युलेटरची, फ्रिजची सगळी गुरगुर हवेतून नाहीशी होते. रेडिओला अंधार मानवतो.

शिवाय रात्र. दिवसा वर गेलेल्या लहरी वातावरणात उंचावरच्या दोन थरांपैकी खालच्यातच विरतात. सूर्य मावळला की तो खालचा थर नाहीसा होतो आणि त्यावरच्या थरावर आपटून लहरी शेकडो मैलांवर उतरतात. आम्ही गॅलरीत घोंगडी पांघरून बसलो, पौर्णिमेला एक दिवस कमी असलेला चंद्र समोरच्या झाडीवर, आणि आत्यानं काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेला. तमिळ. तेलुगू. कुठलंतरी अरबी, समुद्राच्या लाटेसारखं मोठं होणारं आणि बारीक होणारं. ७९२ वर पुणे, इतकं स्वच्छ की निवेदिकेचा श्वास ऐकू यावा. ७६५ वर धारवाड. आठपैकी चार सेल त्या एका रात्री गेले.

मध्यरात्रीच्या सुमारास लॉजचे म्हातारे मालक कंदील घेऊन आले. त्यांना वाटलं बाईमाणसाला झोप येत नाही म्हणून काही दुखतंखुपतं का. रेडिओ बघून खाली बसले आणि म्हणाले, "ह्या रानातसून पयली रेडिओ चालवलेलो, म्हायत आसा?"

आम्हाला अर्धवट माहीत होतं. २५ नोव्हेंबर १९५५ ला, म्हणजे आम्ही दादरहून निघालो त्याच तारखेला, सत्तावन्न वर्षांपूर्वी, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ सुरू केला. 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. गोव्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सभा बंद, जो बोलेल तो तुरुंगात. तेव्हा सीमेच्या अलीकडच्या रानात, ट्रकमध्ये बसवलेल्या यंत्रावरून हे दोघं रोज बोलत राहिले. पुढे कॅसलरॉकच्या बाजूला हलले. पाऊस, जळवा, साप. आंबोलीचा पाऊस ज्यानं एकदा पाहिलाय त्याला या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. सहा वर्षं हा आवाज चालला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाल्याची बातमी या दोघांनी विमानातून सांगितली. पुढे त्यांनी लग्न केलं. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आत्यानं मला फोन केला. वय, पुरस्कार काहीही न सांगता एवढंच म्हणाली, "आंबोली आठवते ना?"

मालकांना नेमकी जागा दाखवता आली नाही. हात पूर्वेकडे केला, मग थोडा दक्षिणेकडे. "थंयसरच खंयतरी." १९४२ ला मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार काँग्रेस रेडिओ चालवत होते, तेव्हा 'हिंदुस्थानात कुठूनतरी' अशीच त्यांची घोषणा असे. गुप्त रेडिओचा पत्ता असाच असायला हवा.

बुधवार, २८ नोव्हेंबर

घाट उतरून बांदा, पत्रादेवी, म्हापसे, पणजी. १२८७ वर कोकणी. दुपारी कोकणी गीतांत एक मांडो लागला. मराठी कानाला शब्द ऐंशी टक्के कळतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांत सगळी गंमत असते.

पणजी केंद्र आल्तिन्योच्या टेकडीवर आहे. त्याआधी पोर्तुगीजांचं 'एमिसोरा द गोवा' होतं. डिसेंबर १९६१ च्या १८ तारखेला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं आणि सरकारी आवाज बंद पडला. रानातला मात्र चालू राहिला. काल रात्री ऐकलेलं असं दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी बघायला मिळणं हे प्रवासातलं सुख. बघायला तसं काही नाही, टेकडी आणि वाहनांची गर्दी. आत्यानं गाडी थांबवायला लावली, काचेतून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "चल."

संध्याकाळी मंगेशी. जितेंद्र अभिषेकी इथले, आणि मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात त्यांनी नोकरी केली होती. नोकरीत माणसाला वाया घालवणारी कचेरी आणि नोकरीतून माणूस घडवणारी कचेरी यांत फार अंतर नसतं. मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या ग्रामीण विभागात, द. रा. बेंद्रे धारवाडला, पु. ल. देशपांडेही काही काळ आकाशवाणीतच. एका पगारपत्रकावर इतके लोक पुन्हा जमतील असं वाटत नाही.

रात्री मांडवीच्या काठी त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र. आठ वाजले तेव्हा आत्या एकदम हसली. बुधवार, रात्री आठ! एके काळी ही वेळ फक्त सिलोनची होती. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपले पुण्याचेच, सोरबोनचे डॉक्टर, अभिजात संगीताचे कट्टर. त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ घालवली, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, केसकरांच्या बाजूचे. पोरं सिलोनच्या. आजोबा बुधवारी साडेसातला फिरायला जात आणि बरोबर नवाला परत येत. "त्यांना माहीत होतं का गं?" मी विचारलं. "रेडिओला हात लावून बघायचे, गरम आहे का," आत्या म्हणाली. "व्हॉल्व्हचा सेट तो. गरमच असायचा. कधी बोलले नाहीत."

१९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती आली आणि सरकारनंच सिनेमाची गाणी परत आणली. केसकरांचं काय चुकलं यावर आत्या बोलत नाही. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्यांच्याच काळातला, १९५२ चा. त्या एका गोष्टीवर ती त्यांचे सगळे गुन्हे माफ करते.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

अनमोड घाट, लोंढा, धारवाड. कॅसलरॉकचा फाटा दिसला, वळलो नाही. रस्ता खराब आणि आत्याची कंबर धरलेली.

धारवाड केंद्र जानेवारी १९५० चं. या लहान गावाभोवतीच्या मातीत काय आहे कोण जाणे. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, पलीकडे हुबळीला गंगूबाई हनगल, गदगचे भीमसेन जोशी. मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते. त्यांचं 'मृत्युंजय' हे घर आता स्मारक आहे. आम्ही बाहेरच्या पायरीवर बसलो. आत्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे एकाही ठिकाणी शेरा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना काय शेरा द्यायचा? रकाना लहान आहे."

संध्याकाळी ७६५ वर कन्नड वचनं लागली. अक्कमहादेवी, बसवण्णा. शब्द कळत नव्हते, पण मधे मधे 'विठ्ठल' म्हणावा तशा जागी एक नाव यायचं आणि आवाज तिथं टेकायचा. लॉजच्या पोऱ्यानं अर्थ सांगायचा प्रयत्न केला, हिंदी, मराठी आणि हातवारे मिळून. शेवटी म्हणाला, "देवाला नवरा म्हणते. खऱ्या नवऱ्याला सोडून." आत्यानं ते वहीत तसंच उतरवलं. पेढे अर्धा किलो.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

बेळगाव, निपाणी, मिरज. जादा सेल धारवाडच्या लॉजवर राहिले, हे मला निपाणीला आठवलं. आत्याला सांगितलं नाही.

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत दोन तास गेले. भोपळे टांगलेले, ओळीनं, वाळत. एक कारागीर तानपुऱ्याची जवारी लावत होते: घोडीचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, छेडायचं, परत घासायचं. धागा एका जागी आला आणि मेलेली तार अचानक बोलायला लागली. त्यांच्या खांद्याशी फळीवर एक रेडिओ चालू होता, १२५१ वर सांगली. हळदीचे भाव चालले होते. "गाणं लागलं की बंद करतो," ते म्हणाले. "का?" "त्यांचा षड्ज माझ्या कामात घुसतो."

सगळ्या प्रवासात संगीत लागल्यावर रेडिओ बंद करणारा हा एकच माणूस भेटला, आणि त्याचं कारण बिनतोड होतं.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी गेलो. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना, वाटेतल्या स्टेशनावर ते गेले. मिरजेला आणून दफन केलं. आत्या तिथं काही बोलली नाही, मीही नाही.

शनिवार, १ डिसेंबर

सातारा, खंबाटकी, दुपारी पुणे. ७९२ दिवसाउजेडीही खणखणीत. घरी आल्यासारखं.

सदाशिव पेठेत आत्याचा वाडा होता तिथं आता इमारत आहे, खाली चष्म्याचं दुकान. तिथं उभी राहून तिनं पहिल्या वहीची गोष्ट सांगितली. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. १९५५ च्या रामनवमीला, शुक्रवारी १ एप्रिलला सकाळी, गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. सीताकांत लाडांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक गीत, वर्षभर. बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. आत्या चौदा वर्षांची. शब्द उतरवून घ्यायला तिनं गणिताच्या वहीची मागची पानं घेतली. गाणं पुढं जातं, हात मागं राहतो. जो शब्द हुकला तिथं तिनं मोकळी जागा सोडली. तेच गाणं शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागायचं, तेव्हा जागा भरायची. "रविवारपर्यंत भरली नाही तर?" "मग गप्प बसायचं. शेजारच्यांना विचारायचं नाही. त्यांच्याकडे वर्तमानपत्रात छापून यायचं, पण ते म्हणजे कॉपी."

आणि 'आपली आवड' या फर्माइशींच्या कार्यक्रमाला धाडलेली तिची पोस्टकार्डं? शेकड्यांनी असतील. फर्माइशी धाडण्यात गाजलेल्या झुमरी तलैयाच्या लोकांनी लाजावं इतकी. नाव एकदाच वाचलं गेलं आणि तेव्हा ती नळावर पाणी भरत होती. सगळ्या वाड्यानं ऐकलं, तिनं सोडून.

रात्री मुक्काम धाकट्या काकाकडे, कर्वेनगरला. साडेनऊला राष्ट्रीय कार्यक्रम. आम्ही तिघं गॅलरीत. नेमकी उद्घोषणा चालू असताना दाराची बेल वाजली, काकानं आइस्क्रीम मागवलं होतं. कोण वाजवतंय, काय वाजवतंय, कळलं नाही. सरोद होती एवढं नक्की. आलाप सुरू झाला आणि आत्या म्हणाली, "झिंझोटी." काका म्हणाला, "छे, खंबावती." दोघं भावंडं लहानपणापासून असंच भांडत आली असणार. आइस्क्रीम वितळलं. जोड संपला, झाला संपला, तबला आला. काकाच्या तोंडाकडे बघून मला वाटलं की तो आता मागं घेतोय, मग सरोदियानं एक अशी जागा घेतली की आत्याचीच पेन्सिल थांबली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना आवाज बारीक झाला. टाळ्यांच्या वेळी रेडिओ मेला. जादा सेल धारवाडला आहेत हे मला आता सांगावं लागलं. काकाच्या घरात होते ते टीव्हीच्या रिमोटचे, काडीसारखे, ते बसेनात. काकानं मोबाईल काढला तर आत्यानं तो त्याच्या हातातून घेऊन उलटा ठेवला.

वहीत सगळे रकाने भरलेत. तारीख, वेळ, केंद्र, 'सरोद', 'दीर्घ, उत्तम'. कलाकार आणि राग या दोन जागा मोकळ्या.

मग तिनं पिशवीतून पन्नास पैशांचं पोस्टकार्ड काढलं. तिच्या पिशवीत पोस्टकार्ड असतंच. मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या: दिनांक १ डिसेंबर, रात्री ९:३०, सरोदवादन, कृपया कलाकाराचे नाव व राग कळवावा. चष्मा खाली गाडीत राहिला होता म्हणून पत्ता तिनं मला सांगितला आणि मी लिहिला. महासंचालनालय, आकाशवाणी भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली. पिनकोड तिला पाठ होता.